कॉम्प्युटर घेताय? आधी त्याचा स्टेशन मास्तर ठरवा!

दोस्तांनो, परवाच्या रविवारी मी वर्तकनगरला माझ्या ताईकडे जेवायला गेलो होतो. तिसरा मजला चढून धापा टाकत दारात उभा राहिलो, तर पॅसेजमध्ये काय! घरातला जुना कॉम्प्युटर वायरी, माऊस, कीबोर्डसकट एका खोक्यात भरून ठेवलेला. आणि त्या खोक्यावर हाताची घडी घालून कोण बसले होते? माझी नववीतली भाची!

"मामा, बरं झालं तू आलास. बाबा कॉम्प्युटर भंगारवाल्याला देतायत!"

"अगं, हौस म्हणून देतोय का मी?" भाऊजी आतून म्हणाले. "त्याचं विंडोज १० आता बंद झालंय. विंडोज ११ त्यावर चढत नाही. दुकानदार म्हणाला, हा आता डबा झाला. त्यापेक्षा सगळ्यांसाठी मिळून एक नवीन घेऊन टाकू."

"घ्यायचाच तर मॅक घ्या," दादाने फर्माईश केली. हा दादा म्हणजे भाचीचा मोठा भाऊ. मेकॅनिकलचा डिप्लोमा करतो.

"आणि माझ्या सोसायटीच्या मराठी पत्रांचं काय?" आजोबांनी पेपरातून डोके वर काढले.

"बघ ना मामा," भाचीचे डोळे भरून आले. "कॉम्प्युटर एक आणि माणसं तीन! दादाचं ड्रॉइंग झालं, आजोबांची पत्रं झाली, की रात्री दहाला माझा नंबर लागणार. मग मी पायथॉन शिकणार कधी?"

प्रश्न गंभीर होता, बरं का! मी म्हटले, "भंगारवाल्याला संध्याकाळी यायला सांगा. तोवर आपण या कॉम्प्युटरची फेरतपासणी करू."

त्या दुपारी आम्ही जे जे बोललो आणि करून पाहिले, ते तुम्हालाही सांगतो. कारण हा प्रश्न आज ना उद्या तुमच्याही घरी येणारच आहे.

मास्तर म्हणजे कोण?

तुम्ही ठाणे स्टेशनवर कधी उभे राहिला आहात? कर्जत, कसाऱ्याच्या लोकल, बाहेरगावच्या एक्स्प्रेस, मालगाड्या, वाशी-पनवेलकडे जाणाऱ्या गाड्या... कोणाला कोणता प्लॅटफॉर्म द्यायचा, कोणाला सिग्नलवर थांबवायचे, हे ठरवणारे कोणी नसेल तर? पाच मिनिटांत गोंधळ!

कॉम्प्युटरच्या पोटात असेच चालते. तुम्ही गाणे ऐकता, त्याच वेळी चित्र रंगवता, मागे प्रिंटर कुरकुरत असतो. प्रोसेसर, मेमरी, डिस्क हे झाले रूळ आणि प्लॅटफॉर्म. प्रोग्रॅम म्हणजे गाड्या. कोणत्या प्रोग्रॅमला प्रोसेसर केव्हा मिळेल, मेमरी किती मिळेल, फाइल डिस्कवर कुठे ठेवायची, हे सगळे ठरवणारा स्टेशन मास्तर म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा. प्रत्येक गाडी एका मास्तरचेच सिग्नल ओळखते. विंडोजसाठी लिहिलेला प्रोग्रॅम मॅकवर किंवा लिनक्सवर आपोआप धावत नाही. म्हणूनच कॉम्प्युटर घेताना रंग आणि पडद्याचा आकार बघण्याआधी हा मास्तर ठरवायला हवा.

तीन मास्तर, तीन तऱ्हा

पहिला मास्तर विंडोज. मायक्रोसॉफ्ट ही कंपनी बिल गेट्स आणि पॉल ॲलन यांनी १९७५ मध्ये काढली. विंडोजची पहिली आवृत्ती आली नोव्हेंबर १९८५ मध्ये, पण घरोघरी ती पोचली २४ ऑगस्ट १९९५ ला आलेल्या विंडोज ९५ पासून. तुमच्या आईबाबांना विचारा, त्यांना ते हिरवे डोंगर आणि निळे आभाळ आठवेल. ते मात्र २००१ च्या विंडोज एक्सपीचे! विंडोजची मोठी बाजू ही, की ती कितीतरी कंपन्यांच्या कॉम्प्युटरवर चालते आणि बहुतेक सॉफ्टवेअर आधी तिच्यासाठी तयार होते. हिशेबाचे टॅली घ्या, इंजिनीअरिंगचे सॉलिडवर्क्स घ्या, गेम्स घ्या. पण विंडोज विकत घ्यावी लागते. नव्या कॉम्प्युटरबरोबर ती आली असेल, तर तिचे पैसे त्या किमतीतच धरलेले असतात.

दुसरा मास्तर मॅक. ॲपल कंपनीचा मॅकिंटॉश २४ जानेवारी १९८४ ला आला. चित्रांवर माऊसने टिचकी मारून कॉम्प्युटर चालवायची सवय सर्वसामान्यांना लावण्यात त्याचा मोठा वाटा आहे. इथे यंत्रही ॲपलचे आणि मास्तरही ॲपलचाच. त्यामुळे दोघांचे छान जमते. २०२० पासून ॲपलने स्वतःच्याच चिप वापरायला सुरुवात केली आणि मॅकची बॅटरी तासन्‌तास टिकू लागली. मात्र यंत्र महाग. शिवाय या नव्या मॅकबुकमध्ये मेमरी नंतर वाढवता येत नाही. घेताना जेवढी घेतली, तेवढीच शेवटपर्यंत!

तिसरा मास्तर लिनक्स. याची गोष्ट मजेशीर आहे. फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठातला २१ वर्षांचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने ऑगस्ट १९९१ मध्ये जाहीर केले, की मी हौसेखातर एक ऑपरेटिंग सिस्टीम लिहितो आहे. त्याच्याही आधी, १९८३ मध्ये, अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी 'ग्नू' नावाचे काम सुरू केले होते. सॉफ्टवेअर सगळ्यांना वाचता यावे, बदलता यावे, वाटता यावे, हा त्यांचा आग्रह. या दोघांचे काम एकत्र आले आणि जगभरच्या हजारो लोकांनी त्यात भर घातली.

"म्हणजे मोफत?" भाचीने विचारले.

"मोफत तर आहेच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे मुक्त! आजीने पुरणपोळी दिली तर ती मोफत. पण पुरणपोळीची कृतीसुद्धा दिली, 'हवी तशी बदल आणि शेजारच्यांनाही शिकव' म्हणाली, तर ती मुक्त."

लिनक्स एकाच नावाने मिळत नाही. त्याचे उबंटू, मिंट, डेबियन असे अनेक अवतार आहेत. आपल्या पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या, 'परम' महासंगणक बनवणाऱ्या सी-डॅक या सरकारी संस्थेनेही २००७ मध्ये 'बॉस' नावाचे लिनक्स आणले. त्यात मराठीसह अनेक भारतीय भाषांची सोय आहे. केरळ सरकारने आपल्या शाळांतून लिनक्सच वापरले. तुमच्या घरातल्या अँड्रॉइड मोबाइलचा गाभा लिनक्सचाच आहे, आणि नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या पहिल्या ५०० महासंगणकांपैकी एकूण एक लिनक्सवर चालू लागला. आहे की नाही गंमत?

मग सगळे जण लिनक्सच का वापरत नाहीत? कारण सगळ्या गाड्या या मास्तरचे सिग्नल ओळखत नाहीत. दादाचे सॉलिडवर्क्स त्यावर चालत नाही. त्याचा आवडता व्हॅलोरंट गेमही चालत नाही.

'बंद झालं' म्हणजे नेमकं काय?

आता भाऊजींच्या मुद्द्याकडे वळू. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची अपडेट थांबली. ज्यांनी नाव नोंदवले, त्यांना सुरक्षेच्या अपडेटसाठी आणखी एका वर्षाची सवलत ठेवली होती. कॉम्प्युटर त्या दिवशी बंद पडला नाही. बटण दाबले की तो सुरू होतोच.

"मग झालं तर! वापरत राहू," आजोबा म्हणाले.

तसे नाही, आजोबा! ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे कोट्यवधी ओळींचे लिखाण. त्यात चुका राहतातच. चोर त्या शोधत असतात आणि कंपनी अपडेट देऊन त्या बुजवत असते. अपडेट थांबली, की घराच्या कड्या खिळखिळ्या होत जातात आणि सुतार येणे बंद होते.

आपल्या जवळचेच उदाहरण सांगतो. जून २०१७ मध्ये 'नॉटपेट्या' नावाचा घातक प्रोग्रॅम जगभर पसरला. त्याचा फटका थेट उरणजवळच्या जेएनपीटी बंदराला बसला. तिथल्या एका टर्मिनलचे काम ठप्प झाले आणि कंटेनर अडकून पडले. हा प्रोग्रॅम ज्या वाटांनी पसरत होता, त्यांतली एक वाट बंद करणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिली होती! म्हणजे अपडेट ही कटकट नव्हे, ती दाराची कडी आहे.

मग विंडोज ११ का चढत नाही? ५ ऑक्टोबर २०२१ ला आलेल्या या आवृत्तीला निदान ४ जीबी मेमरी, ६४ जीबी जागा, टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि ठरावीक यादीतला प्रोसेसर लागतो. साधारण २०१७ च्या आधीचे बहुतेक प्रोसेसर त्या यादीत नाहीत. ताईकडचा कॉम्प्युटर २०१४ चा. म्हणजे तो बिघडलेला नव्हता, त्याला फक्त नव्या मास्तरने नाकारले होते.

मॅकचेही तसेच, बरं का! इंटेलची चिप असलेल्या मॅकसाठी २०२५ ची 'टाहो' ही शेवटची आवृत्ती, असे ॲपलने जून २०२५ मध्ये सांगून टाकले. म्हणून कोणी जुना मॅकबुक स्वस्तात देत असेल, तर आत कोणती चिप आहे हे आधी विचारा.

"विंडोज मी टाकून देतो!"

भाऊजी हळूच म्हणाले, "एक दुकानदार म्हणत होता, मास्तर नसलेला लॅपटॉप घ्या, स्वस्त पडेल. विंडोज मी अशीच टाकून देतो, पैसे नकोत."

मित्रांनो, इथे कान टवकारा! नुसत्या डॉससह किंवा लिनक्ससह लॅपटॉप विकण्यात काहीच वावगे नाही. पण 'अशीच' टाकलेली विंडोज म्हणजे चोरीची विंडोज. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ मध्ये दुरुस्ती झाली. तेव्हापासून चोरीचा प्रोग्रॅम जाणूनबुजून वापरणे हासुद्धा शिक्षेचा गुन्हा आहे. शिवाय कुलूप फोडून आणलेल्या सॉफ्टवेअरमधून आणखी काय काय घरात येईल, याचा भरवसा कोण देणार? पैसे वाचवायचेत ना? मग लिनक्स आहेच की! तिथे चोरी करायची गरजच नाही.

'दुसऱ्या' शब्दाची परीक्षा

"मराठीचं बोला," आजोबांनी आठवण करून दिली.

मराठीच्या बाबतीत आनंदाची बातमी आहे. विंडोज, मॅक, लिनक्स, तिन्हींवर आज मराठी लिहिता येते. त्यामागे युनिकोड आहे. जगातल्या प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला एक ठरलेला क्रमांक. १९९१ च्या पहिल्या युनिकोडमध्येच देवनागरी होती. विंडोज २००० पासून विंडोजमध्ये देवनागरीची पक्की सोय झाली. त्यातला 'मंगल' हा फॉन्ट कोणी रेखला, ठाऊक आहे? आपले मराठी सुलेखनकार आणि कवी र. कृ. जोशी यांनी! आणि लिनक्सवरचा 'लोहित' हा मुक्त फॉन्ट पुण्यातल्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवला.

टायपिंगसाठी 'इनस्क्रिप्ट' ही मांडणी तिन्हींवर मिळते. तिची युक्ती सोपी आहे. डाव्या हाताकडे स्वर आणि मात्रा, उजव्या हाताकडे बहुतेक व्यंजने. एकदा हात बसला की कोणत्याही कॉम्प्युटरवर बसा, बोटे तीच चालतात.

मी आजोबांना एक परीक्षा सुचवली. कोणताही कॉम्प्युटर घेण्याआधी त्यावर 'दुसऱ्या', 'सुऱ्या', 'तऱ्हा' असे शब्द लिहून बघा. यातला र चा तो पापणीसारखा अर्धा आकार मराठीला हवाच हवा. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांतल्या. सगळाच घोटाळा! इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून 'जे' दाबले की ऱ येतो. मग 'डी' दाबून पाय मोडायचा आणि पुढे य किंवा ह. ही परीक्षा उतरली, की मराठीची काळजी मिटली.

एक अडचण मात्र तिथे उघडी पडली. आजोबांची २००५ च्या सुमाराची पत्रे युनिकोडच्या आधीच्या एका जुन्या फॉन्टमध्ये होती. तो फॉन्ट नसला, की 'मा. सचिव महोदय' च्या जागी नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसायची! हा दोष विंडोजचा नाही, मॅकचा नाही, लिनक्सचाही नाही. त्या काळी प्रत्येक फॉन्टचे क्रमांक वेगळे असत. अशा फाइल्स बदलक प्रोग्रॅम वापरून युनिकोडमध्ये आणाव्या लागतात. आजोबांनी वही काढली आणि बदलायच्या पत्रांची यादीच केली.

पेनड्राइव्हवरचा प्रयोग

जेवण झाले आणि आम्ही प्रयोगाला लागलो. खोक्यातला कॉम्प्युटर पुन्हा टेबलावर आला. दादाने आपल्या मित्राकडून लॅपटॉप आणला. त्यावर लिनक्स मिंटची फाइल तिच्या अधिकृत ठिकाणाहून उतरवली आणि ८ जीबीच्या एका रिकाम्या पेनड्राइव्हवर चढवली. नुसती कॉपी करून चालत नाही. त्यासाठी 'रुफस' किंवा 'एचर' असा खास प्रोग्रॅम वापरावा लागतो. आणि पेनड्राइव्हवरचे आधीचे सगळे पुसले जाते, हे विसरू नका!

पेनड्राइव्ह जुन्या कॉम्प्युटरला लावला, सुरू होताना मेनूची कळ दाबली (कुठे एफ १२, कुठे एफ ९, यंत्राप्रमाणे बदलते) आणि पेनड्राइव्ह निवडला. दोन-तीन मिनिटे सगळ्यांचे डोळे पडद्याला चिकटलेले. आणि काय आश्चर्य! मिंट पूर्ण सुरू झाले. हार्ड डिस्कला हातही न लावता! याला 'लाइव्ह' चालवणे म्हणतात. आवडले नाही तर पेनड्राइव्ह काढा, जुने विंडोज जसेच्या तसे.

मग एकेक परीक्षा घेतली. इंटरनेट? लागले. आवाज? आला. प्रिंटर? पहिल्यांदा रुसला, यादीतून त्याचे नाव निवडल्यावर छापू लागला. मराठीचा कीबोर्ड जोडून आजोबांनी स्वतः 'दुसऱ्या मजल्यावरील गळती' हा विषय टाईप केला. पत्र लिहायला लिबरऑफिस आधीच हजर होते. भाचीने टर्मिनल उघडले आणि तिथे पायथॉन तयार बसलेला पाहून टाळीच वाजवली!

पण वेग कमी होता, हे खरे सांगायला हवे. पेनड्राइव्हवरून चालताना सगळेच सावकाश चालते. शिवाय यंत्रात मेमरी फक्त ४ जीबी आणि हार्ड डिस्क जुनी, फिरत्या तबकडीची. तिथे एसएसडी बसवली आणि मेमरी ८ जीबी केली, तर फरक पडेल, असे मी सांगितले. दोन्ही कामे जवळच्या दुरुस्तीवाल्याकडे होतात आणि नव्या कॉम्प्युटरच्या मानाने खर्च फारच थोडा.

निकाल

संध्याकाळी चहाबरोबर निकाल लागला. दादाने कॉलेजची सॉफ्टवेअरची यादी काढली. त्यात सॉलिडवर्क्स होते, आणि ते मॅकवरही चालत नाही!

"म्हणजे मॅक घेतला असता तर..." दादाचा चेहरा पडला.

"तर शोकेसमध्ये ठेवायला छान दिसला असता," ताई म्हणाली. सगळे हसले. दादाही हसला, जरा उशिरा.

ठरले असे. दादासाठी बिलासह, अधिकृत विंडोज ११ असलेला लॅपटॉप. जुन्या कॉम्प्युटरला एसएसडी, ८ जीबी मेमरी आणि लिनक्स मिंट. तो आजोबांचा आणि भाचीचा. दिवसा सोसायटीची पत्रे, संध्याकाळी पायथॉन. आधी सगळ्या फोटोंची आणि फाइल्सची दुसरी प्रत काढायची, मगच मिंट बसवायचे. ही अट आजोबांची होती आणि ती शंभर टक्के बरोबर होती.

भंगारवाला आला तेव्हा त्याला फक्त रिकामे खोके मिळाले.

आता तुमची पाळी!

मुलांनो, आणि हो, आईबाबा, तुम्हीसुद्धा! दुकानात जाण्याआधी एका कागदावर या प्रश्नांची उत्तरे लिहा.

१. कॉम्प्युटर कोण कोण वापरणार आणि कशासाठी?

२. शाळा, कॉलेज किंवा ऑफिस एखादे ठरावीक सॉफ्टवेअर मागते का? ते कोणत्या मास्तरवर चालते?

३. या सिस्टीमला अपडेट कोणत्या वर्षापर्यंत मिळणार?

४. मेमरी आणि डिस्क पुढे वाढवता येईल का?

५. 'दुसऱ्या' नीट उमटतो का?

६. घरातला जुना कॉम्प्युटर खरोखर बिघडला आहे, की त्याला फक्त दुसरा मास्तर हवा आहे?

आणि जुना कॉम्प्युटर द्यायचीच वेळ आली, तर आधी डिस्क पूर्ण पुसा आणि तो ई-कचरा गोळा करणाऱ्या अधिकृत केंद्रातच द्या. त्यात शिशासारखे घातक धातू असतात.

आज घरी एवढे करा. विंडोज असेल तर सेटिंग्जमध्ये 'सिस्टीम' आणि मग 'अबाउट' उघडा. आवृत्ती, प्रोसेसर आणि मेमरी वहीत टिपून ठेवा. पेनड्राइव्हचा प्रयोग करायचा असेल, तर घरातल्या मोठ्या माणसाला शेजारी बसवा आणि पडद्यावरच्या 'इन्स्टॉल' या चित्राला त्यांच्या परवानगीशिवाय हात लावू नका.

काल रात्री भाचीचा फोन आला होता. "मामा, माझा पाढ्यांचा प्रोग्रॅम चालला! एकोणतीसचा पाढासुद्धा बरोबर म्हणतो."

मी म्हटले, "शाब्बास! आणि तुला येतो का गं, एकोणतीसचा?"

पलीकडून फोन पटकन आजोबांच्या हातात गेला!